शेजारी तोच रंग नको

शाळा सुटली की पाचगणीत
मागं उरतात स्वेटर.
बाकाखाली, बाथरूमच्या खिळ्यावर,
एखादा टेबललँडवर कठड्याला बाही बांधून.
महिनाभर वाट बघायची, घरी पत्रं टाकायची,
मग मोठ्या बाई म्हणतात,
पार्टेबाई, न्या आता.

चार हाउस, चार रंग:
लाल, हिरवा, निळा, हळदी.
वर एखाददुसरा राखाडी, घरनं आलेला.
कॉलरीमागची नावं मी ब्लेडनं काढते,
बरणीत ठेवते.
र. घाडियाली, पाचवी ब.
टाकवत नाहीत.

आधी शिवण सोडायची, मग गळ्याकडून उसवायचं.
धागा निघतो तो वळणं धरूनच,
अंगाची सवय सहजी सोडत नाही.
पाटाला गुंडाळून किटलीच्या वाफेवर धरला,
दगड बांधून दोन दिवस लोंबत ठेवला,
तरी थोडा कुरळेपणा राहतोच. राहू दे.

नमुना डिकॉस्टा मॅडमनी उतरवून दिला
पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर, मराठीत.
सु. म्हणजे सुलट, उ. म्हणजे उलट,
अठ्ठावीस टाके, छत्तीस ओळी,
एकशे वीस चौकोन.
आणि खाली दोन रेघा मारून:
शेजारी तोच रंग नको.

ज्यांच्या देशाचा नमुना, त्यांची लोकर जाड असणार.
माझा पहिला चौकोन हातरुमालाएवढाच झाला.
मग टाके चौतीस केले,
दहा नंबरच्या सुया ठेवून आठच्या घेतल्या.
निळा सत्तराव्याला संपला,
तिथनं पुढं राखाडीनं वेळ मारून नेली.
ज्या रात्री साताऱ्याहून डॉक्टरांचा फोन आला
त्या रात्रीचा हिरवा
दोन बोटं लहान भरला.
उसवला नाही तो. कडेनं हळदी ओळी वाढवून
बाकीच्यांच्या मापात आणला.

तेव्हापासून हे घरीच.
डावा हात मांडीवर ठेवला तर ठेवलेला राहतो.

ह्यांना लाल-हिरवं कळत नाही
हे मला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात कळलं.
भिलारच्या मळ्यात तोडणीला गेले,
टोपलीत निम्म्या स्ट्रॉबेऱ्या हिरव्या.
मुकादम शिव्या घालतोय आणि हे
एकेक फळ हुंगून बाजूला काढतायत.
"दोन्ही मातीचीच दिसतात," रात्री म्हणाले.
मग मेसमध्ये लागले. ते बरं झालं.
कांदा परतला की नाही, ते नाकाला कळतं.

म्हटलं, नुसतं भिंतीकडं काय बघताय,
मांडून तरी द्या.
चटईवर चौकोन ओतले.
एक उचलायचा, गालाला लावायचा,
थोडं थांबायचं, ठेवायचा.
वाईची शेवटची गाडी गेली तरी चाललंच होतं.

झालं तेव्हा बघितलं.
लालाशेजारी लाल. हिरव्याला खेटून पाच हिरवे.
निळे सगळे एका कोपऱ्यात, डबक्यासारखे.
मी वाकले होते बदलायला,
हातात दोन उचललेही होते.

"मऊ," ते म्हणाले, आणि छातीवर हात ठेवला.
मग बराच वेळ शब्द शोधला.
"खरबरीत... पायाकडं."

तो दोन बोटांचा हिरवा अगदी पायाशी गेला होता.
"लई घट्ट विणलाय," म्हणाले.
मी काही बोलले नाही.
दोन्ही चौकोन होते तिथं ठेवले
आणि जोडायला पांढरी लोकर घेतली.

मॅडम येऊन गेल्या परवा.
चष्मा पुसला, परत घातला,
चुकलंय कुठं ते सांगणार होत्या बहुतेक.
तेवढ्यात ह्यांनी गोधडी हनुवटीपर्यंत ओढली, एका हातानं.
मॅडमनी चहा घेतला.

कागद अजून आहे.
शेवटची ओळ खोडली नाही मी,
तिच्याखाली पेन्सिलीनं लिहिलं,
मऊ वर.

बरणीतला घाडियाली कुठल्या हाउसचा होता,
ते मात्र काही केल्या आठवत नाही.